लॉगमध्ये नाव तिचं आहे

त्या दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी एक्केचाळीस बायकांच्या ओळी मी काढून टाकल्या. मीच. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण लिहिता लिहिता माझा हात वळेल आणि मी कारणं द्यायला लागेन. मी मला ओळखतो.

कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर बेळगावात खासबागेतल्या एका लहान कंपनीनं मला डेटा विभागाचा प्रमुख म्हणून घेतलं. खाली यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, वर आम्ही सहा माणसं. आमच्याकडे कामं बरीच होती, पण ज्याबद्दल लिहायचं आहे ते एकच. एक धर्मादाय दवाखाना निपाणी भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांची छाती तपासायची शिबिरं भरवायचा. सदलग्यापासून सीमेपलीकडच्या गावांपर्यंत त्यांची गाडी फिरायची. बाईचं नाव, जन्मतारीख, गाव, फोन आणि तपासणीचा निकाल टॅबवर भरला जायचा आणि तो आमच्याकडे यायचा. आम्ही त्यातल्या चुका काढायचो, नोंदी जुळवायचो आणि दर सोमवारी दवाखान्याला यादी पाठवायचो. ह्या बायकांच्या छातीत काहीतरी दिसतंय, ह्यांना दुसऱ्या तपासणीला बोलवा, एवढाच त्या यादीचा अर्थ. दवाखाना फोन करायचा तो फक्त यादीतल्या बायकांना. जिला फोन आला नाही ती समजायची, आपण बऱ्या आहोत.

ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा पंचविशीची असेल. निपाणीची, बौद्ध घरातली. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. घराण्यातली पहिली इंजिनिअर. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "सर, आपला कोड कुठं ठेवलेला असतो?"

"माझ्या मशीनवर."

"आणि तुमचं मशीन बंद पडलं तर?"

"तर मी दुरुस्त करीन की गं. चाळीस वर्षं काय केलं मग?"

सगळे हसले. ती हसली नाही. सहा महिन्यांत तिनं ऑफिस बदलून टाकलं. कोड गिटमध्ये गेला, म्हणजे कोणी काय बदललं आणि कधी बदललं ते कायमचं लिहिलेलं राहायला लागलं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं. शिबिरातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची, तिच्यावर कधीच काम करायचं नाही. काही करून बघायचं असेल तर नकलेवर बघायचं. कामाआधी ओळी मोजायच्या, कामानंतर मोजायच्या, फरक पडला तर थांबायचं. प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन. खऱ्या टेबलाला, म्हणजे सगळ्या नोंदींच्या तक्त्याला, ज्यानं हात लावला त्याचं नाव आणि वेळ लॉगमध्ये पडणार आणि लॉग कोणालाच खोडता येणार नाही.

शिवाय एक शंभर पानी वही. सोमवारची यादी अडली तर आधी काय बघायचं, मग काय बघायचं, दवाखान्यात फोन कोणाला करायचा, सगळं साध्या मराठीत. मी तिला चिडवायचो, "एवढं लिहून ठेवतेस, कुठं निघालीस? लग्न ठरलं काय?"

"न्हाय सर. डेंग्यू झाला तर असूंदे म्हणून."

तिचं सगळं बरोबर होतं हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. कळलं म्हणूनच राग यायचा. कारखान्यात माझ्या शब्दावर सगळं चालायचं. मी "हो" म्हटलं की हो. इथे माझी एक ओळसुद्धा बावीस-तेवीस वर्षांची पोरं वाचायची आणि खाली शेरा लिहायची, "सर, इथे रिकामी तारीख आली तर काय?" मी माझं लिहिणंच बंद केलं. माझं स्वतंत्र लॉगिन तिनं करून दिलं होतं, पण त्याचा पासवर्ड दर दीड महिन्यानं बदलायला लागायचा. मी विसरायचो आणि विसरलो हे सांगायची लाज वाटायची. मग कोणी जागेवरून उठलं की त्याच्या उघड्या मशीनवर बसायचो. बहुतेक वेळा तिच्या, कारण तिची जागा माझ्या शेजारी होती. ती दोनदा म्हणाली, "सर, माझ्या नावानं काय करू नका, लॉगमध्ये मी दिसते." मी म्हणालो, "बघतोय नुसता."

आता एक जूनबद्दल लिहायला हवं.

आमच्या भागात माझ्या वयाच्या, आणि माझ्यापेक्षा बऱ्याच लहान माणसांचीही, कागदावरची जन्मतारीख एक जून असते. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, कधीचा? वडील म्हणायचे, आवंदा ज्वारी काढताना सहा वर्षांचा झाला. गुरुजी मनाशी वर्ष धरायचे आणि पुढे एक जून टाकायचे. माझीही एक जूनच. आमच्या मालकांचीही. कंपनीत दर एक जूनला मालक, मी आणि हिशेब बघणारे काका अशा तिघांचा मिळून एक केक कापला जायचा. त्या वर्षी केक खाता खाता ती म्हणाली, "सर, शिबिराच्या डेटात जन्मतारखेवर भरोसा ठेवू नका. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस आजच हाय."

मालक म्हणाले, "म्हणजे आज सगळ्या निपाणीला केक द्यायचा काय?"

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दवाखान्यातून तक्रार आली. शिबिरात गूळ-शेंगदाण्याची पिशवी मिळते म्हणून काही बायका दुसऱ्या गावच्या शिबिरातही नाव घालत होत्या आणि दवाखाना एकाच बाईला दोन-दोन फोन करत होता. मालक मला म्हणाले, "दोनदा आलेली नावं काढा. साधं काम आहे." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, साधं नाही, दोन दिवस लागतील. नाव, गाव आणि फोन तिन्ही बघून जुळवायला लागेल, नकलेवर करून बघायला लागेल, आणि जिथे शंका आहे तिथे दोन्ही ओळी ठेवायच्या. एका बाईला दोन फोन गेले तर बिघडत नाही. तिनं हे मला नुसतं तोंडी सांगितलं नाही, मेलही केला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, "नाव आणि जन्मतारीख एवढ्यावर काढू नका." तो मेल मी वाचला होता.

आठ दिवसांनी सोमवार आला. तिचं काम दुसऱ्यानं तपासायचं राहिलं होतं. मालकांचा फोन आला, दुपारी यादी गेलीच पाहिजे. ती जिन्यात डबा खायला गेली होती. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि एक ओळ लिहिली. ज्यांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकच, त्यातली एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या. खऱ्या टेबलावर. आधी ओळी मोजल्या नाहीत, नंतरही नाहीत. चार सेकंद लागले असतील. मग उठून मालकांना फोन केला, "झालं. पोरं उगीच बाऊ करतात."

तिला काय सांगितलं? "मालकांनी घाई केली, यादी गेली." कशी केली हे मी सांगितलं नाही. तिला वाटलं, जुनीच यादी गेली असेल. पुढच्या आठवड्यात तिची पद्धत तयार झाली, ती नव्या नोंदींना लागू झाली, आणि माझे चार सेकंद त्याखाली गाडले गेले.

पाच महिन्यांनी एका मंगळवारी ती सकाळी लवकर आली. मी नुकताच बसत होतो. म्हणाली, "सर, मावशीला फोनच आला न्हाय."

तिची मावशी निपाणीत शेजारच्याच गल्लीत राहायची. तीही विड्या वळायची. शिबिरात गेली होती. तिची जाऊ तिच्याच नावाची. भावकी एक, म्हणून आडनाव एक. शाळेच्या दाखल्यावर दोघींचं वर्षही एक आणि तारीख अर्थातच एक जून. जावेला दवाखान्यातून फोन आला, तिची दुसरी तपासणी होऊन ती बरी निघाली. मावशी पाच महिने वाट बघत राहिली. आदल्या रविवारी तिनं भाचीला विचारलं होतं, "माझ्या नावाच्या बाईला बोलावलं गं, मला कसं न्हाय? का आमच्या दोघींचा मिळून येकच फोन लावत्यात?"

ती बोलत होती तेव्हाच मला सगळं समजलं. मी म्हणालो, "बघ की, शिबिरातच राहिली असेल."

तिनं बाजूला ठेवलेली मूळ फाइल काढली. मावशी त्यात होती, निकालासकट. मग आमच्या टेबलाशी ताडून पाहिलं. एक्केचाळीस ओळी कमी. त्यातल्या नऊ जणींच्या छातीत काहीतरी दिसत होतं, मावशीच्याही. तिनं लगेच ती नऊ नावं दवाखान्याला कळवली, मला न विचारता. ती फाइल तिनं जपून ठेवली नसती तर त्या नऊ बायका कोण हे आजही कोणाला सांगता आलं नसतं. त्यानंतर तिनं लॉग उघडला. तारीख, वेळ, एक चाळीस. लॉगिन तिचं.

मग माझ्याकडे वळली. मी माझ्या चष्म्याची काच पुसत बसलो.

दोन दिवसांनी बैठक झाली. मालक, दवाखान्याचे एक डॉक्टर, आम्ही सगळे. मालकांनी लॉगचा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

ती मला म्हणाली, "सर, तुम्ही सांगताय का मी सांगू?"

मी म्हणालो, "लॉगमध्ये जे नाव आहे ते आहे."

एवढंच. बाकी काही बोलायची गरजच पडली नाही. ती म्हणाली, "मी न्हवते. मी जेवायला गेलते. सर बसलते माझ्या मशीनवर." मालक म्हणाले, "ही सगळी सिस्टीम तूच आणलीस ना? मग तुझं मशीन खोटं बोलतंय काय?" जे लॉगिन तिनं प्रत्येकाची जबाबदारी ठरावी म्हणून आणलं होतं, त्यानं तिची जबाबदारी ठरवली होती. मी चाळीस वर्षांचा अनुभवी माणूस आणि समोर एक पोरगी. तोल कुणीकडे झुकणार हे मला बोलायच्या आधीच माहीत होतं.

बैठकीनंतर जिन्यात एक जण म्हणाला, "कोट्यातनं आलेल्यांचं असंच असतंय." मी मागेच होतो.

आठ दिवसांत तिनं राजीनामा दिला. वही टेबलावर ठेवून गेली. पुढे कुठली कंपनी चौकशीचा फोन करायची तेव्हा मालक सांगायचे, "हुशार आहे, पण टेबलातनं बायकाच उडवल्या तिनं." हे ते माझ्यासमोर सांगायचे. वर्ष-सव्वा वर्ष तिला काम मिळालं नाही. मी दोन वर्षांनी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो.

आणि वही? वहीतले नियम आम्ही छापून भिंतीवर लावले. खाली माझं नाव घातलं. मी घाला म्हणालो नव्हतो, काढा असंही म्हणालो नाही. त्या नियमांवर मला कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली. डेटाची कामं करणाऱ्या टीमनं कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, कोणती साधनं वापरावीत. मी गेलो. चांगलं बोलायचो, पोरं टिपून घ्यायची. मूळ डेटा जपा. नकलेवर तपासा. आधी मोजा, नंतर मोजा. चूक झाली तर माणूस शोधू नका, चूक आली ती वाट शोधा. हे शेवटचं वाक्यसुद्धा तिच्या वहीतलं. आणि सगळ्यात वर मी ठेवायचो, दुसऱ्याच्या लॉगिननं कधीही काम करू नका.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका भाषणानंतर एका मुलीनं विचारलं, "सर, हा नियम पहिला का? हे तर सगळ्यांना माहीत असतं."

मी म्हणालो, "आमच्या टीममध्ये एकीनं एकदा घोटाळा केला होता."

पाहा. इतक्या वर्षांनी, कोणी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं, कुठली नोकरी जाणार नव्हती, तरी मी तेच केलं. सभागृहातून बाहेर आलो तेव्हा आयोजकांनी दिलेली फुलं हातात होती. ती मी बसथांब्याच्या बाकावर ठेवली आणि घरी न जाता निपाणीची गाडी पकडली.

तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती आता घरूनच कुठल्यातरी लांबच्या कंपनीचं काम करते. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, शेजारी मावशी नुसतीच बसलेली. मावशीनं विड्या सोडल्या, किंवा विड्यांनी तिला. चार वाक्यं बोलली की थांबून श्वास घेते. पाच महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

मावशीनं भाचीला विचारलं, "ह्योच का गं त्यो साहेब?"

"व्हय."

"बसा," मावशी म्हणाली. मग आईला म्हणाली, "आक्का, चा टाक. लांबनं आल्यात. आमच्यावानी फोनची वाट बघत न्हाय बसले."

मी त्या मुलीला म्हणालो, मला खरं काय ते लिहायचं आहे.

"कशाला? तुमचं मन हलकं व्हायला?"

"तुझं नाव..."

"माझं नाव घालू नका. कुणाचंच घालू नका. मी काय केलं न्हाय आणि तुम्ही काय केलं, तेवढं ल्ह्या." मग म्हणाली, "आणि छापायला द्यायच्या आधी मला दाखवा. दुसऱ्यानं वाचल्याबिगर काय पुढं जाऊ द्यायचं न्हाय. भाषणात सांगताय न्हवं तुम्ही?"

चहा आला. मी प्यालो. कोणी रागावलं नाही, कोणी थांबाही म्हणालं नाही.

मी लिहून पाठवलं. चार दिवसांनी परत आलं, तीन शेरे मारून. पहिला, "मेलचं ल्हिलं न्हाय. मी तुम्हाला आठ दिवस आधी सांगितलं होतं." ते आता वर घातलं आहे. दुसरा, "वयामुळं विसरलो हे काढा. तुम्ही विसरला नव्हता." ते काढलं. तिसरा शेरा जिन्यातल्या त्या माणसाच्या वाक्यापाशी होता. मी लिहिलं होतं, ते ऐकून मला वाईट वाटलं. तिनं विचारलं होतं, "तुम्ही हसला का न्हाय, ते ल्ह्या. मी खालच्या पायरीवर होते."

हसलो होतो.

मग मी कंपनीत गेलो. मालक म्हातारे झालेत, पण अजून रोज येतात. सगळं सांगितलं. ते कानडीत म्हणाले, "होगली बिडरी, सर." जाऊ द्या. "आता कुणाला आठवतंय?"

"तिला आठवतंय."

माझ्या जागेवर आता जो टीमप्रमुख आहे त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, लॉगमधली ती ओळ काढ, किंवा तिथे माझं नाव घाल. त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "सर, जुनी ओळ बदलता येत नाही. भिंतीवर तुम्हीच लावलंय. त्या ओळीला खाली खुलासा जोडता येईल."

त्याच्यासमोर बसून मी खुलासा लिहिला. ह्या वेळी माझ्या स्वतःच्या लॉगिननं. त्यानं नवीन करून दिलं आणि पासवर्ड मी कागदावर लिहून खिशात ठेवला. दोनच वाक्यं. ह्या ओळी ह्या लॉगिनच्या मालकिणीनं काढलेल्या नाहीत. त्या मी तिच्या मशीनवर बसून, तिनं लेखी बजावलेलं असताना, न मोजता काढल्या.

बटण दाबलं. पडद्यावर आलं, नोंद दुसऱ्याच्या मंजुरीसाठी थांबली आहे. जुन्या नोंदींच्या खुलाशाला मंजुरी मालकांची लागते. टीमप्रमुखानं त्यांना दोनदा आठवण करून दिली. मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, बघतो. दुसऱ्यांदा म्हणाले, दवाखान्याचं काम अजून आपल्याकडे आहे, सर, कशाला तोंड उघडायचं? तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

म्हणजे आज, मी हे लिहितोय तेव्हा, कोणी तो लॉग उघडला तर नाव तिचंच दिसतं. माझी दोन वाक्यं खाली अडकून पडली आहेत, ती फक्त मला आणि त्या टीमप्रमुखाला दिसतात. म्हणून हे इथे छापायला देतोय.

दुरुस्त केलेलं पुन्हा तिला पाठवलं होतं. काल उत्तर आलं. "वाचलं. पाठवा." त्याखाली मावशीचं म्हणून एक वाक्य होतं, "नऊ बायका हुत्या, बाकीच्या आठ कुठं हायत, इचारलं का त्येंनी?"

विचारलं नव्हतं. मूळ फाइलीत त्यांचे पत्ते आहेत. टीमप्रमुखाला म्हणालो, पत्ते मला दे. तो म्हणाला, "ते तुम्हाला देता येत नाहीत सर, नियम आहे. दवाखान्यानं विचारलं तर बायकांना विचारून कळवता येईल." दवाखान्याला मी आज सकाळी पत्र टाकलं आहे.